वीतभर आमरी आणि पेठेतील खिडकी

फाल्गुन लागला की घोडेगावच्या पेठेत बाळहिरड्याची पोती उतरू लागतात. पश्चिमेकडील डोंगरांत, तळेघर-आहुप्याच्या बाजूला, महादेव कोळी कुटुंबे कोवळा हिरडा गोळा करून उन्हात वाळवितात आणि तो काळा, सुरकुतलेला माल बाजाराला येतो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका पोत्याबरोबर पेठेतील एका दुकानात ओल्या फडक्यात गुंडाळलेले एक झुडूप आले. त्यावर एकही पान नव्हते. वीतभर लांबीच्या चार-पाच फुगीर कांड्या होत्या आणि त्यांच्या वरच्या पेरांतून पांढऱ्या फुलांचे नाजूक झुबके निघाले होते. "बांधावरच्या जांभळाची फांदी मोडली, तिच्यावर होतं. वहिनींना फुलांची हौस आहे म्हणून आणलं, शेठ," एवढे सांगून माल आणणारा गृहस्थ काट्याकडे वळला.

माडीवर त्या पाहुण्याचे मोठे कौतुक झाले. सूनबाईंनी चांगली रंगीत कुंडी काढली. टोमॅटोची रोपे तयार करणाऱ्या नारायणगावच्या एका रोपवाटिकेतून नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आणविला. सासूबाईंनी सकाळच्या पाण्याची जबाबदारी आपणाकडे घेतली. फुले पंधरा-वीस दिवस टिकली आणि मग गळाली. पाने मात्र फुटेनात. झाडाला काही कमी पडत असावे, अशा समजुतीने सकाळबरोबर संध्याकाळीही पाणी सुरू झाले. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कांड्या पिवळ्या पडल्या, पुढे दाबल्यावर बोटाला मऊ लागू लागल्या आणि चातुर्मास बसण्यापूर्वी कुंडीत काळ्या पडलेल्या मुळांखेरीज काही उरले नाही. हयगय कोठेच झाली नव्हती. थोडी हयगय झाली असती, तर ते झाड कदाचित वाचले असते.

हे झाड म्हणजे आमरी, म्हणजे आपण ज्याला ऑर्किड म्हणतो त्या कुळातील सह्याद्रीचे रहिवासी. वनस्पतिशास्त्रात याचे नाव डेंड्रोबियम बार्बाट्यूलम. पश्चिम घाटात जांभूळ, अंजन, आंबा, हिरडा अशा झाडांच्या फांद्यांवर ते वाढते. पावसाळ्यात त्याला पाने असतात, पावसाळा सरला की ती गळतात आणि माघ-फाल्गुनात निष्पर्ण कांड्यांवर फुले येतात. त्यानंतर पहिला पाऊस पडेपर्यंत ते निजते. त्या निजेच्या काळात त्याला मिळते ते पहाटेचे दव, एखादे धुके किंवा वळवाचा एखादा शिडकावा. कांड्या फुगीर असतात त्या यासाठीच. पावसाळ्याच्या चार महिन्यांत साठविलेले पाणी आणि अन्न त्या उरलेल्या आठ महिने पुरवून वापरतात. अशा निजलेल्या झाडाला, तेही भिजून राहणाऱ्या भुशात, दोन वेळा पाणी घालणे म्हणजे झोपलेल्या माणसाला दर तासाला उठवून जेवू घालण्यासारखेच होय.

आमरीविषयी आणखी एक गैरसमज या भागात सर्वत्र आढळतो. आंब्याच्या फांदीवर ती दिसली की शेतकरी तिला बांडगूळ समजून खरवडून टाकतो. बांडगूळ झाडात आपली मुळे घुसवून त्याचा रस शोषते. आमरी तसे काही करीत नाही. ती झाडावर केवळ बसलेली असते. शास्त्रात अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. तिची मुळे सालीला चिकटून उघड्या हवेत पसरतात आणि त्यांच्यावर स्पंजासारखे एक पांढुरके आवरण असते. पावसाचे वा दवाचे पाणी ते आवरण काही क्षणांत टिपून घेते आणि मग काही तासांत कोरडेही होते. पाणी टिपले की मूळ हिरवे दिसते, वाळले की रुपेरी. घरात आमरी ठेवणाऱ्याला पाण्याचा हिशेब ठेवण्यास याहून सोपी खूण मिळणार नाही. मुळे हिरवी असतील तर हात आवरावा. ती रुपेरी झाली की मग पाणी द्यावे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची रचनाच अशी आहे की आमरीचे घर आणि माणसांची घरे एकाच तालुक्यात असूनही निराळ्या हवामानात पडतात. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरवरील मंचरला तो सहा-सातशेवर येतो. नाणेघाटातून जुन्नर, तेथून नारायणगाव आणि आळेफाट्याकडे यावे, तरी हाच अनुभव येतो. डोंगरात जून ते सप्टेंबर ढग फांद्यांतून फिरत असतात. पेठांच्या गावी चैत्र-वैशाखात दुपारच्या हवेतील आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली येते आणि पारा चाळिशीला टेकतो. त्यामुळे तळेघरची आमरी घोडेगावच्या गच्चीत आणली की ती आपल्याच तालुक्यात परकी होते.

मेलेले झाड पुन्हा आणता येईल का, असा प्रश्न त्या घरी साहजिकच निघाला. हिरड्याच्या गृहस्थांनी आणखी एक आणून देण्याची तयारीही दाखविली. त्या वेळी घरातील कनिष्ठ चिरंजीवांनी, जे पुण्यात वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेत होते, आजीला जे समजावून सांगितले ते सर्वांनीच ऐकून ठेवण्याजोगे आहे. आमरीच्या एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात, परंतु त्या धुळीसारख्या सूक्ष्म असतात. ज्वारीच्या वा हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी अन्नाची शिदोरी असते, तशी आमरीच्या बीजात नसते. ते बीज योग्य सालीवर पडावे, तेथे विशिष्ट बुरशी असावी, त्या बुरशीने बीजाला अन्न पुरवावे, तेव्हा कोठे अंकुर फुटतो. लाखांतून मोजकीच बीजे तगतात आणि पहिले फूल यायला अनेक वर्षे लागतात. पेठेतल्या कुंडीत चार महिन्यांत जे कुजले, ते जंगलात अशी अनेक वर्षे खर्ची घालून उभे राहिले होते.

कायद्याची बाजूही आहे. ती फांदी मालकीच्या बांधावरची होती, म्हणून तेथे कोणाचा अपराध झाला नाही. परंतु भीमाशंकरचे सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यातून परवानगीवाचून वनस्पती काढून आणणे हा गुन्हा आहे. देवदर्शनाहून परतताना वाटेवरच्या झाडावरून 'एक छोटीशी फुटी' उपटून आणणारे यात्रेकरू हे सहसा ध्यानात घेत नाहीत. जगभरच्या आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापारदेखील 'साइटिस' या कराराखाली नियंत्रित आहे आणि भारत १९७६ पासून त्यात सहभागी आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडून बॅगेत आमरी मागविणाऱ्यांनी याचीही जाण ठेवलेली बरी.

मोडलेल्या फांदीवरील आमरी वाचविण्याचा मार्ग मात्र आहे, आणि तो त्या जागीच आहे. झाड सालीसकट अलगद सोडवून जवळच्याच दुसऱ्या जांभळाच्या वा आंब्याच्या फांदीला, सावली आणि वारा असेल अशा उंचीवर, सुतळीने घट्ट बांधावे. पावसाळ्यात नवी मुळे साल धरतात आणि सुतळी आपोआप कुजून जाते. हिरड्याच्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "एवढंच होय? आधी कळतं तर तिथंच बांधली असती." दोष त्यांचा नव्हताच. फूल दिसले की ते कोणाला तरी द्यावे, ही त्यांची रीत.

मग घरात आमरी ठेवूच नये काय? अवश्य ठेवावी, पण ती रोपवाटिकेत जन्मलेली असावी. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नड्सन यांनी साखर मिसळलेल्या आगरवर, बुरशीच्या मदतीवाचून, आमरीचे बीज उगवून दाखविले. १९६० च्या सुमारास फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून एकसारखी अनेक रोपे तयार करण्याची पद्धत पुढे आणली. एके काळी केवळ श्रीमंतांच्या काचघरात दिसणारे हे फूल त्यानंतर बाटल्यांतून हजारोंनी तयार होऊ लागले आणि आज मध्यमवर्गीय घरालाही परवडते. अशी आमरी विकत घेतल्याने कोणत्याही जंगलातील फांदी रिकामी होत नाही.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातून त्या घराने पुढच्या वर्षी दोन छोटी रोपे आणली. दोन्ही फॅलेनॉप्सिसच्या लघुजातीची होती. पाने करंगळीएवढी लांब, कुंडी वाटीएवढी आणि दांड्यावर रुपयाच्या नाण्याएवढी गुलाबी फुले. साधारणपणे ज्या आमरीची उंची सहा इंचांच्या आत राहते तिला लघु आमरी म्हणण्याचा प्रघात आहे. पेठेतील घरांना ती सोयीची आहे. खाली दुकान, वर माडी, मधला चौक आणि रस्त्याकडे एक-दोन खिडक्या अशा घरात मोठ्या कुंड्यांना जागा कोठून असणार? लघु आमरीला खिडकीच्या फळीवर हातभर जागा पुरते.

परंतु लहान झाड सांभाळणे सोपे, हा समज खरा नव्हे. मोठ्या कुंडीत चूक झाली तर ती उमटायला महिना लागतो. वाटीएवढ्या कुंडीत ती आठवड्यात उमटते. कुंडी लवकर वाळते, त्यातील क्षार लवकर साचतात, उन्हाचा एक चटका अर्धे पान भाजून काढतो. खेळते भांडवल कमी असलेल्या दुकानासारखी तिची अवस्था असते. व्यवहार चालू राहतो, पण चुकीला मुभा फारशी नसते.

त्या घरातील पहिला निर्णय चुकला तो जागेचा. रोपे गच्चीवर, तुळशीशेजारी ठेवली गेली. फेब्रुवारीच्या उन्हाने दोनच दिवसांत एका रोपाच्या पानावर पांढरा, कागदासारखा डाग पडला. त्यानंतर ती माडीच्या पूर्वेकडील खिडकीत आली. तेथे सकाळी नऊपर्यंतचे ऊन आणि पुढे दिवसभर नुसता उजेड मिळतो. उजेड मोजायला यंत्र लागत नाही. पानांच्या वर हातभर अंतरावर पंजा धरावा. सावली धूसर पडली तर उजेड योग्य, ठळक कडांची पडली तर जास्त आणि पडलीच नाही तर कमी. पान काळपट हिरवे होऊ लागले तर झाड उजेडासाठी आसुसलेले आहे, तांबूस-पिवळे झाले तर त्याला ऊन सोसवत नाही. खिडकी पश्चिमेची असेल तर नारायणगावच्या कोणत्याही कृषी दुकानात मिळणारी हिरवी जाळी एकेरी लावावी, एप्रिल-मेमध्ये दुहेरी.

दुसरा प्रश्न कुंडीतील माध्यमाचा. कोकोपीट टोमॅटोच्या रोपांना उत्तम, कारण ते पाणी धरून ठेवते. नेमक्या त्याच गुणामुळे ते आमरीला घातक ठरते. तिच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. लोणारी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे, नारळाच्या शेंडीचे चौकोनी तुकडे आणि जुन्या कौलांचे बारीक खडे यांचे मिश्रण या भागात फुकटात वा नाममात्र खर्चात तयार होते. शेंडीचे तुकडे आधी तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवावेत, म्हणजे त्यांतील क्षार निघून जातात. कोळसा चुलीतला, राखेने माखलेला नको. बाजारातून आणलेल्या रोपांची मुळे बहुधा स्फॅग्नम नावाच्या शेवाळात घट्ट कोंबलेली असतात. ते शेवाळ फुले ओसरल्यावर हळूच सोडवून काढावे. त्या घरातील दुसऱ्या रोपाचे शेवाळ काढायचे राहून गेले आणि पावसाळ्यात त्याची निम्मी मुळे कुजली. ते वाचले, पण पुढच्या हिवाळ्यात त्याला फूल आले नाही.

पाण्याविषयी तर या तालुक्यांत विशेष दक्षता हवी. मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड आहे. बादलीच्या काठावर पांढरी पुटे चढतात ती याचीच खूण. तीच पुटे आमरीच्या मुळांवर चढली की पाणी टिपणारे आवरण निकामी होते. जून-जुलैत पत्र्यावरून वा कौलांवरून येणारे पाणी, पहिल्या दोन पावसांचे सोडून, झाकणाच्या पिंपात साठवावे. वाटीएवढ्या दोन-चार कुंड्यांना एक पिंप कित्येक महिने पुरते. ते संपल्यावर घरातील पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून आलेले पाणी वापरावे. त्याच यंत्रातून फेकले जाणारे पाणी मात्र कदापि घालू नये, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. पाणी सकाळी द्यावे. पानांच्या मध्याशी, जेथून नवे पान फुटते तेथे, पाणी साचले तर कापसाच्या वातीने टिपून घ्यावे. फॅलेनॉप्सिस बहुधा तेथूनच कुजते.

उन्हाळ्यातील कोरड्या हवेवर जुन्या वाड्यांकडे एक तयार उपाय असे. चौकात आड असे, त्याच्या कठड्यापाशी हवा गार आणि दमट राहत असे आणि घरची तुळस, मोगरा, सब्जा तेथेच रमत. आता बहुतेक आड बुजले आहेत. त्या घराने पितळेच्या जुन्या परातीत नदीचे गोटे भरले, गोटे अर्धे बुडतील इतके पाणी घातले आणि कुंड्या गोट्यांवर ठेवल्या. कुंडीचा तळ पाण्याला लागत नाही, पण भोवतालची हवा ओलसर राहते. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट रात्रीची आहे. फॅलेनॉप्सिससारख्या आमरींची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि हवेतील कर्बवायू घेण्यासाठी ती रात्री उघडतात. म्हणून उन्हाळ्यात परातीत पाणी भरण्याची योग्य वेळ दिवेलागणीची. खिडकीही रात्री थोडी उघडी असावी. माडीवरच्या वातानुकूलित खोलीत, यंत्राच्या झोतात, लघु आमरी ठेवणे हा तिच्यावर अन्यायच आहे.

खताची चिंता करू नये. द्राक्षे आणि टोमॅटोच्या या पट्ट्यात विद्राव्य १९:१९:१९ कोणत्याही दुकानी मिळते. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही झाड वाढत असतानाच, एवढे पुरे. अर्धा ग्रॅम मोजायला सराफाचा काटा लागतो, तो ज्यांच्या घरी आहे त्यांची सोय आपसूक झाली. बागकामाच्या अनेक पुस्तकांत हाडांची भुकटी आणि माशांचे द्रावण सुचविलेले असते. आपल्या घरांत ते येणार नाही आणि त्याची गरजही नाही. आमरीला लागते ते फार थोडे, आणि खनिज स्वरूपात लागते.

किडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. खवल्यांची कीड आणि पिठ्या ढेकूण हे आमरीचे नेहमीचे शत्रू, आणि औषध फवारण्यास अनेकांचे मन धजत नाही. ज्यांना ते टाळायचे आहे त्यांनी कीड घरात येण्यापूर्वीच सावध व्हावे. नवे रोप महिनाभर इतरांपासून दूर ठेवावे. दर रविवारी पाने दोन्ही बाजूंनी ओल्या मऊ फडक्याने पुसावीत. ज्या घरात हे नेमाने होते तेथे कीड फारशी जमत नाही, असा अनुभव आहे. श्रावण-भाद्रपदात गोगलगायी कोवळ्या मुळांचे शेंडे कुरतडतात. त्या रात्री बाहेर पडतात, तेव्हा विजेरी घेऊन कागदावर उचलाव्यात आणि दूर ओलसर जागी सोडून द्याव्यात. घरातील नातवंडे हे काम आनंदाने करतात.

आता फुलांविषयी, कारण ज्यासाठी हा खटाटोप, ती फुलेच अनेकांना पुन्हा दिसत नाहीत. दुकानातून आणलेला बहर ओसरला की झाड वर्षानुवर्षे नुसती पाने काढत राहते. कारण बहुधा ऊब हे असते. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढण्यासाठी काही आठवडे सोळा-अठरा अंशांच्या गार रात्री लागतात. मुंबईच्या बंद सदनिकेत त्या मिळत नाहीत. जुन्नर-आंबेगावात दिवाळी झाली की त्या आपोआप मिळतात. म्हणून कार्तिकात झाड खोलीच्या आतल्या कोपऱ्यात न हलविता खिडकीतच राहू द्यावे. पौषात पारा दहाच्या खाली उतरू लागला की मात्र रात्री आत घ्यावे. पानाच्या बगलेतून निघालेला कोंब मुळाचा की दांड्याचा, हा नवशिक्याला पडणारा प्रश्न. मुळाचे टोक गोल आणि गुळगुळीत असते, दांड्याचे टोक बोटमोज्याच्या अंगठ्यासारखे एका बाजूने फुगलेले असते. त्या घरातील पहिल्या रोपाला दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात असा दांडा दिसला आणि माघात सात फुले उमलली. सासूबाईंनी ती शेजारणींना बोलावून दाखविली. दुसरे रोप, शेवाळात अडकलेले, अजून केवळ पानांवर आहे.

विकत घेताना आपल्या हवेला मानवेल तेच घ्यावे. छोट्या फुलांच्या फॅलेनॉप्सिसखेरीज डेंड्रोबियम लिंडलेई ही ईशान्य भारतातही आढळणारी जात काटक आहे. तिला हिवाळ्यात जवळजवळ कोरडे ठेवले की उन्हाळ्याच्या आरंभी सोनेरी घोस लागतात. टोलुम्निया ही कॅरिबियन बेटांची छोटी आमरी, लाकडाच्या ढलपीवर बांधून, रोज पाणी आणि लगेच वारा मिळाला तर आनंदात राहते. जपानमध्ये निओफिनेशिया ही सुगंधी लघु आमरी तोकुगावा काळापासून सरदार घराण्यांचे वैभव मानली गेली आणि तिच्या नुसत्या पानांच्या आकारासाठीही तिचा संग्रह केला जातो. तीही आपल्या थंडी-उन्हाळ्याला तोंड देऊ शकते, किंमत मात्र पाहून घ्यावी. याउलट मास्देवालिया आणि तिच्या जातभाई, ज्यांची छायाचित्रे पाहून मन मोहते, त्या दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या गार, ढगाळ अरण्यांतल्या. नारायणगावचा एक वैशाख त्यांना पुरेसा आहे. त्यांवर पैसे घालणे हा शुद्ध तोटा.

या दोन तालुक्यांचा वनस्पतिशास्त्राशी संबंध आजचा नाही, हे पेठेत थोड्यांनाच ठाऊक असते. नारायणगावजवळच्या हिवरे गावी एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती-उद्यान होते. पुण्याजवळील दापोडीच्या उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली ते चाले. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. सह्याद्रीवरील झाडे तुटली तर खालच्या गावांचे पाणी आटेल, असा इशारा देणाऱ्यांत ते होते. डाल्झेल यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इलाख्यातील आमरींच्या नोंदी त्यातही आहेत. पुढे १९६६ मध्ये फादर सांतापाव आणि कापडिया यांनी मुंबई इलाख्यातील आमरींवर स्वतंत्र ग्रंथच दिला. ज्या बांधावरच्या जांभळावरून ते झाड आले, तसल्याच झाडांखाली उभे राहून ही माणसे माना वर करून पाहत असतील.

त्यांनी पाहिले ते आजही पाहता येते आणि त्यासाठी काही उपटून आणावे लागत नाही. पावसाळ्यात नाणेघाटाच्या किंवा दुर्गवाडीच्या पठारावर, गवतात, हॅबेनेरिया वंशाच्या जमिनीवरील आमरी पांढऱ्या फुलांचे दांडे वर काढतात. भीमाशंकरच्या वाटेवर थांबून शेवाळलेल्या खोडाकडे नीट पाहिले तर ओबेरोनियाची चपटी, वेणी घातल्यासारखी पाने दिसतात. तिची फुले इतकी बारीक की भिंगावाचून ती फुले आहेत हे पटत नाही. गुंड्यांसारख्या कांड्यांची एरिया तर बोटाच्या पेराएवढीच असते. रोपवाटिकेतील कोणत्याही लघु आमरीहून या अधिक लघु आहेत. वैशाख-ज्येष्ठात, पहिल्या पावसाच्या तोंडावर, एरिडिसचे जांभळट-गुलाबी घोस रस्त्याच्या कडेच्या झाडांवरही लोंबताना दिसतात. सीतेची वेणी त्याच सुमारास फुलते. गाडी थांबवून खाली उतरण्याचे तेवढे कष्ट घ्यावे लागतात.

यंदा मार्चमध्ये हिरड्याचे गृहस्थ नेहमीप्रमाणे माल घेऊन आले. वजन झाले, पैसे चुकते झाले, चहा झाला. जाता जाता त्यांनी सांगितले की बांधावरच्या त्याच जांभळावर, मोडलेल्या फांदीच्या वरच्या अंगाला, दुसरी आमरी फुलली आहे. त्या रविवारी माडीवरची सगळी मंडळी डिंभे धरणाच्या कडेने गाडी काढून तेथे गेली. फांदी बरीच उंच होती आणि सासूबाईंची दृष्टी आता अधू झाली आहे. नातवाने दुर्बीण त्यांच्या हाती दिली, मागून खांदे धरले आणि थोडे डावीकडे, अजून थोडे वर, असे सांगत राहिला. पांढरे झुबके त्यांना दिसायला बराच वेळ लागला.